ओढ्याची तब्येत कशी तपासायची: सुरुवात दगडाखालून

ओढ्याच्या उथळ, खळखळत्या भागात उतरा. तळहाताहून थोडा मोठा गोटा दोन्ही हातांनी हळूच उचला आणि उलटा धरा. पाणी निथळेपर्यंत काही दिसत नाही. मग दगडावरचा एक ओला डाग सरकल्यासारखा वाटतो. नीट बघितलं की कळतं, तो डाग नाही, नखाएवढा चपटा किडा आहे. सहा पाय बाजूंना पसरलेले, मागे केसासारख्या तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही कडांना इवल्या पानांसारखे कल्ले. दगड पुन्हा पाण्यात बुडवला की ते कल्ले एकामागून एक थरथरू लागतात. हे मेफ्लायचं पिल्लू. पंख फुटल्यावर त्याचं आयुष्य काही तासांचं, फार तर एक-दोन दिवसांचं. पण त्याआधीचे कित्येक आठवडे, काही जातींत वर्षभर, ते याच पाण्यात काढतं. त्या काळात पाण्यातला ऑक्सिजन संपला किंवा विष वाहून गेलं, तर ते टिकत नाही.

ओढा तपासायला शिकणाऱ्याला मी सगळ्यात आधी हा दगड दाखवतो. बाटलीतलं पाणी बाटली भरली त्या घडीचं सांगतं, दगडाखालचे रहिवासी मागच्या कित्येक आठवड्यांचं सांगतात. रात्री कुणी घाण सोडली आणि सकाळपर्यंत पाणी निवळलं, तर बाटलीला पत्ता लागत नाही. दगडाला लागतो. तरी बाटली हवीच, कारण किडे गायब झाले एवढंच दगड सांगेल. कशामुळे गायब झाले याचा माग बहुतेक वेळा मोजमापांतून लागतो. दोन्ही करायचं कसं आणि एकत्र वाचायचं कसं, ते पुढे क्रमानं सांगतो. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. दोन-तीन तास, एक वही आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जायची चिकाटी लागते.

जागा एक नको, दोन हव्यात

ओढा चांगला किंवा वाईट म्हणायचा तो कशाच्या तुलनेत? एकाच जागेच्या तपासणीतून याचं उत्तर मिळत नाही. म्हणून ज्या गोष्टीची शंका आहे (सांडपाण्याचा पाइप, गोठा, शेतातून येणारा चर) तिच्या वरच्या अंगाला एक जागा घ्या आणि खालच्या अंगाला एक. खालची जागा पाइपाच्या अगदी तोंडाशी नको. येऊन मिळालेलं पाणी बरंच अंतर एकाच काठाला धरून वाहतं. तुम्ही समोरच्या काठाला बाटली भरलीत तर हाती काहीच लागणार नाही. दोन्ही काठांना तापमान आणि रंग सारखे होईपर्यंत खाली चालत जा.

दोन्ही जागांचा तळही सारखा हवा. ही चूक मी स्वतः केली आहे. वरच्या अंगाला गोट्यांचा खळाळ निवडला आणि खालच्या अंगाला, उतरायला सोपा म्हणून, गाळाचा संथ डोह. वर मेफ्लाय सापडले, खाली नुसती गांडुळं. वहीत ‘प्रदूषण’ असा शेरा मारून मी घरी आलो. पुढच्या खेपेला त्या डोहाच्या पन्नास पावलं खाली गोट्यांचा पट्टा दिसला आणि तिथे वरच्यासारखेच मेफ्लाय निघाले. फरक पाण्याचा नव्हता, तळाचा होता. खळाळाची तुलना खळाळाशी आणि डोहाची डोहाशीच करायची, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं.

प्रत्येक जागी साधारण ५० ते १०० मीटरचा पट्टा धरा. एखादं झाड किंवा खडक खूण म्हणून ठरवा आणि दर खेपेला तिथूनच, त्याच दिशेला फोटो काढा. वर्षभरानं हे फोटो शेजारी शेजारी ठेवले की काठ किती खचला, सावली किती कमी झाली हे आकड्यांशिवाय दिसतं. पुलाच्या थेट खाली पट्टा धरू नका, तिथला तळ आणि प्रवाह दोन्ही बदललेले असतात. काठ कुणाच्या मालकीचा असेल तर आधी विचारून घ्या. काठावर राहणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोललं तर पाणी कधी आटतं, कधी वास येतो, पूर्वी कोणते मासे मिळायचे, असं बरंच कळतं. तेही वहीत उतरवा, पण ‘ऐकलेलं’ आणि ‘पाहिलेलं’ यांचे रकाने वेगळे ठेवा.

सोबत काय न्यायचं

दांड्याची जाळी (छिद्रं १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक), दोन पांढरे पसरट ट्रे, बादली, भिंग, मऊ चिमटा किंवा रंगाचा मऊ ब्रश, ड्रॉपर, बर्फाच्या साच्यासारखा खणांचा ट्रे, तापमापी, मोजपट्टी, घड्याळ, झाकणाच्या स्वच्छ बाटल्या, पाण्यानं न फुटणारी पेन्सिल आणि वही. रासायनिक तपासणीसाठी पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप), विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट आणि अमोनिया यांचे थेंबांचे किट पुरेसे आहेत. पैसे एकाच उपकरणावर घालायचे असतील तर मी विद्युतवाहकता मोजणारा खिशातला मीटर घेईन, का ते पुढे येईलच. किटच्या रसायनांची मुदत बघा. जुन्या रसायनानं काढलेला आकडा चुकीचा असतो आणि तो चुकीचा आहे हे कळायलाही मार्ग नसतो.

पाण्यात उतरण्याआधी

एकट्यानं जायचं नाही. वरच्या भागात पाऊस झाला असेल किंवा धरणातून पाणी सुटणार असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द करा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा तळ दिसत नसताना वेगानं वाहत असेल, तर काठावरूनच काम करा. पायात घट्ट बूट हवेत, कारण शेवाळलेल्या दगडावर अनवाणी पाय आधी घसरतो आणि मग कापतो. अंगावर जखम असेल तर ती झाका. प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायराचे जंतू त्याच वाटेनं शरीरात शिरतात. काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. आणि पाणी कितीही नितळ दिसलं, आकडे कितीही चांगले आले, तरी या तपासणीवरून ते पिण्याजोगं ठरवू नका. ती चाचणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेत होते.

डोळे, नाक आणि एक काडी

पहिली दहा मिनिटं काठावर उभं राहून फक्त बघा आणि लिहा. हवा, मागच्या दोन दिवसांतला पाऊस, घड्याळातली वेळ. पाण्याचा रंग बाटलीत घेऊन बघा, कारण ओढ्यात दिसतो तो रंग बऱ्याचदा तळाचा किंवा आभाळाचा असतो. चहासारखा तपकिरी पण स्वच्छ रंग कुजलेल्या पानांतून येतो आणि तो दोष नव्हे. हिरवट, दाट रंग म्हणजे पाण्यात तरंगणारं शेवाळ.

तवंग दिसला की नवखा माणूस ‘तेल’ लिहून टाकतो. थांबा. एक काडी घेऊन तो तवंग हलवा. काचेचे तुकडे व्हावेत तसा तो फुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर ते लोहजंतूंचं काम आहे. जमिनीतून झिरपणाऱ्या लोहयुक्त पाण्यात ते वाढतात, जवळपास नारिंगी चिकट गाळही दिसतो. काडीमागे तवंग ओढला गेला, रंगांची वलयं झाली आणि मोकळी झालेली जागा लगेच पुन्हा भरली, तर ते खनिज तेल आहे. त्याचा माग काढत वर चालत जा.

फेसाचंही तसंच. धबधब्याखाली साठणारा, मातकट वासाचा, कडेनं तपकिरी पडणारा फेस सडलेल्या पालापाचोळ्यातून येतो. पांढराशुभ्र, साबणाच्या वासाचा फेस पाइपाच्या तोंडाशी किंवा वस्तीच्या खालीच सुरू होत असेल तर तो सांडपाण्याचा. दगडांना करड्या कापसासारखे झुपके चिकटलेले दिसले तर बारकाईनं नोंद करा. त्याला सांडपाण्याची बुरशी म्हणत असले तरी ते मुख्यतः स्फेरोटिलस नावाचे जंतू असतात, आणि सेंद्रिय घाण सतत येत असल्याची ती खूण आहे. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाच्या गाळात ऑक्सिजन उरलेला नाही.

शेवटी एक गोटा तळातून उपसून बघा. अलगद उचलला गेला तर त्याच्या खाली पोकळी आहे, म्हणजे किड्यांना घर आहे. चिखलातून खेचून काढावा लागला आणि मागे खड्डा राहिला, तर वरून माती वाहून येते आहे. माझ्या मते पाण्यातल्या जिवांचा सगळ्यात दुर्लक्षित शत्रू हाच, साधी माती. तिला वास नाही आणि रासायनिक किटमध्ये तिचा रंगही उमटत नाही.

बाटली भरताना

क्रम पक्का ठेवा: आधी पाण्याचे नमुने, मग जाळी, मग प्रवाहाचं मोजमाप. उलटं केलंत तर स्वतःच ढवळलेला गाळ बाटलीत भराल. दोन्ही जागा एकाच दिवशी करायच्या असतील तर खालच्या जागेपासून सुरू करून वर जा.

उगमाकडे तोंड करून उभे राहा. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, विसळलेलं पाणी आपल्या मागे, खालच्या अंगाला टाका. मग बाटलीचं तोंड खाली धरून वीतभर खोल न्या आणि तोंड उगमाकडे वळवून भरा. पृष्ठभागावरचा कचरा आणि तळाचा गाळ दोन्ही टाळायचे आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नसते. ती थेट भरा, बर्फात ठेवा आणि काही तासांत प्रयोगशाळेत पोचवा. बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे लिहा. घरी गेल्यावर आठवेल असं वाटतं, आठवत नाही.

आकडे आणि त्यांचा अर्थ

तापमान सगळ्यात आधी आणि सावलीत मोजा. बाकीच्या कित्येक आकड्यांचा अर्थ त्यावर ठरतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळलेला राहतो, ३० अंशांना साधारण ७.६. म्हणजे तुमचा आकडा ६.८ आला, तर गरम पाण्यासाठी तो जवळजवळ ९० टक्के भरलेला आहे आणि गार पाण्यासाठी ७५ टक्केच. नुसता ६.८ लिहून ठेवला तर पुढे वाचणाऱ्याला काही उलगडणार नाही.

ऑक्सिजन मोजायची थेंबांची पद्धत हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली, आणि आजही साध्या किटमध्ये तीच असते. तिच्यात नवखे लोक चुकतात ते बुडबुड्यापाशी. बाटली पाण्याखालीच भरून पाण्याखालीच बंद करा, उलटी करून बघा, एकही बुडबुडा दिसला तर ओतून पुन्हा भरा. पहिली दोन रसायनं काठावरच घाला, म्हणजे ऑक्सिजन बांधला जातो आणि पुढचं काम थोडं उशिरा केलं तरी चालतं. ढोबळमानानं ६ मिलिग्रॅमच्या वर बहुतेक जीव सुखात असतात, ४ च्या खाली नाजूक जीव त्रासात येतात, २ च्या खाली फार थोडे मासे तगतात.

पण हा आकडा दिवसभर एक राहत नाही. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात. म्हणून दुपारी तो सर्वांत जास्त आणि पहाटे उजाडण्याच्या आधी सर्वांत कमी असतो. शेवाळानं भरलेला ओढा दुपारी तीन वाजता मोजला तर उत्तम दिसतो, त्याच ओढ्यातले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतात. एकदा तरी पहाटे जाऊन मोजा. तेवढं जमत नसेल तर निदान दर खेपेला एकाच वेळी मोजा.

पीएच बहुतेक नैसर्गिक ओढ्यांत ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असतो. हा आकडा पायरीनं दहापट बदलतो, त्यामुळे ७ वरून ६ म्हणजे आम्लता दहापट वाढली. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तेव्हा दुपारी पीएच ९ पर्यंतही चढू शकतो, आणि इथे अमोनियाशी गाठ पडते. अमोनियाचा जो भाग माशांना विषारी असतो तो २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ९ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त. पाण्यात येणारं सांडपाणी तेवढंच, पण कडक उन्हाच्या दुपारी ते मारक ठरतं. अमोनियाचा आकडा पीएच आणि तापमानाशिवाय कधी लिहू नका.

विद्युतवाहकता म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळलेत याचा अंदाज. तिचा चांगला-वाईट असा एक आकडा नसतो, कारण खडकाप्रमाणे ती बदलते. पण तोच मीटर घेऊन ओढ्याच्या कडेनं चालत गेलात, दर पन्नास पावलांवर बुडवलात, आणि २५० (मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर) वर स्थिर असलेला आकडा एका वळणावर अचानक ४०० झाला, तर त्या वळणाच्या आसपास काहीतरी येऊन मिळतंय. झाडीत लपलेला पाइप मला असाच सापडला. स्वस्त, झटपट आणि रसायनांशिवाय चालणारं हे एकच मोजमाप घुसखोराच्या दारापर्यंत नेऊन सोडतं, म्हणून मीटर घेताना हा घ्या असं म्हटलं.

नायट्रेटच्या किटमध्ये एक खाच आहे. काही किट ‘नायट्रेट’ दाखवतात, काही ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजे साधारण ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. एकक न लिहिता आकडे पाठवले की दोघांची भांडणं होतात आणि दोघेही बरोबर असतात. फॉस्फरस ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर इतका कमी असला तरी शेवाळ फोफावू शकतं, आणि इतकं थोडं प्रमाण साध्या किटला बऱ्याचदा कळत नाही. त्यामुळे किटवर शून्य आलं म्हणून फॉस्फरस नाही असं समजू नका. दगडावरचं शेवाळ बघा.

गढूळपणासाठी तळाला काळा-पांढरा पट्टा असलेली उंच पारदर्शक नळी वापरतात. ती भरायची, वरून बघत पाणी हळूहळू सोडायचं आणि पट्टा दिसू लागला की उंची लिहायची. ही कल्पना समुद्रावरून आली. इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली होती. ओढा तेवढा खोल नसतो, म्हणून नळी.

पाणी किती वाहतंय

हे बहुतेक जण वगळतात आणि मग पाणी आटलेल्या महिन्याचे आकडे भरल्या ओढ्याशी ताडून बघतात. सरळ पट्ट्यात १० मीटर अंतर मोजा. एखादं संत्रं पाण्यात सोडा, ते जवळजवळ बुडून तरंगतं म्हणून वाऱ्यानं भरकटत नाही. तीनदा वेळ मोजून सरासरी काढा. २५ सेकंद लागली तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचं पाणी आतल्या पाण्यापेक्षा वेगानं जातं, म्हणून ०.८५ नं गुणा: ०.३४. आता रुंदी ३ मीटर आणि चार-पाच ठिकाणी मोजलेली सरासरी खोली ०.२५ मीटर असेल, तर छेद ०.७५ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.२५५, म्हणजे सेकंदाला २५५ लिटर पाणी.

तळ ढवळा, जाळी लावा

जाळीची कड तळाला टेकवून ती खालच्या अंगाला धरा. तुम्ही तिच्या वरच्या अंगाला उभे राहा आणि टाचेनं तळ ढवळा, सुटलेले जीव प्रवाह जाळीत आणून टाकतो. एकूण तीन मिनिटं ढवळा, पण एकाच जागी नव्हे. खळाळ, काठाची मुळं, साचलेली पानं, वाळू असा वेळ वाटून घ्या. त्यानंतर एक मिनिट दगड हातानं उचलून बघा, कारण चिकटून बसणारे जीव टाचेनं सुटत नाहीत. दोन्ही जागी ढवळण्याचा वेळ अगदी सारखा ठेवा. एकीकडे तीन मिनिटं आणि दुसरीकडे कंटाळून दीड, असं केलं तर तुलना गेली.

जाळी ट्रेमध्ये उलटी करून ओढ्याचंच थोडं पाणी घाला आणि ट्रे सावलीत ठेवा. मग दोन मिनिटं हात लावू नका. आधी नुसता कचरा दिसतो. मग एक काडी चालू लागते. ती काडी म्हणजे कॅडिसफ्लायची अळी: वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे स्वतःच्या रेशमानं जोडून केलेल्या नळीत राहणारी, नळीतून डोकं आणि सहा पाय बाहेर काढून ओझं ओढत चालणारी. भिंगातून ते वाळूचं काम बघा. एकेक कण कडेला कड लावून बसवलेला असतो. काही जातींच्या अळ्या नळी बांधत नाहीत, दगडांच्या मध्ये जाळं विणून वाहत येणारं अन्न पकडतात.

ओळखायला शिका ते आधी तीन गट. मेफ्लाय: पोटाच्या कडांना कल्ले, बहुधा तीन शेपट्या, प्रत्येक पायाला एक नखी. स्टोनफ्लाय: नेहमी दोनच शेपट्या, प्रत्येक पायाला दोन नख्या, कल्ले असतील तर पायांच्या मुळाशी. शेपट्या तुटतात, म्हणून शंका आली की नख्या बघा. तिसरा गट वर सांगितलेला कॅडिसफ्लाय. हे तिन्ही पाण्यातलाच ऑक्सिजन घेतात आणि घाणीला सगळ्यात आधी बळी पडतात.

चतुराचं पिल्लू आखूड, जाडसर. खालचा ओठ घडी घालून ठेवलेला आणि तो झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडणारं. घाबरलं की पोटातलं पाणी मागून पिचकारीसारखं सोडून पुढे सटकतं. टाचणी हा चतुराचा बारीक भाऊबंद, त्याचं पिल्लू सडपातळ, शेपटीला तीन पानांसारखे कल्ले. हे दोघे, खेकडे आणि झिंगे मधल्या फळीतले. गांडुळं, जळवा आणि माशीवर्गातल्या अळ्या घाणीतही तग धरतात. त्यांतली लालभडक बारीक अळी ध्यानात ठेवा. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन जेमतेम असलेल्या गाळातही ती जगते. दोन-चार सापडल्या तर काळजी नाही, चांगल्या ओढ्यातही असतात. ट्रेमध्ये फक्त त्याच असतील तर काळजी आहे.

पाण्यावर चालणारे किडे, गोल गोल फिरणारे काळे भुंगेरे, पाणविंचू, डासांच्या अळ्या हे सगळे हवेतून श्वास घेतात. ते दिसले म्हणून पाण्यात ऑक्सिजन भरपूर आहे असं म्हणता येत नाही. गोगलगाईंचंही दोन तऱ्हांनी बघावं लागतं. शंखाचं तोंड मिटणारं झाकण असेल तर ती बहुधा कल्ल्यानं श्वास घेते आणि पाण्यावर अवलंबून असते. झाकण नसेल तर हवा घेणारी, म्हणजे घाण पाण्यातही टिकणारी.

गुण कसे द्यायचे

कोणते जीव घाणीत जगतात यावरून पाणी जोखायची पद्धत जर्मनीच्या कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०२ पासून मांडली. आज नवख्यांसाठी सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली मिनीसास. तिच्यात किडे मोजायचे नसतात, गट सापडला की नाही एवढंच बघायचं. स्टोनफ्लायला १७ गुण, मेफ्लायला ११ (त्यातल्या माशासारख्या सडपातळ मेफ्लायला ५), कॅडिसफ्लायला ९, खेकडे-झिंगे आणि चतुर यांना प्रत्येकी ६, ढेकूणवर्गातले पाणकिडे (पाणविंचूसारखे) किंवा भुंगेरे ५, टाचणी आणि गोगलगाय ४, चपटे कृमी ३, गांडुळं, जळवा आणि माशीवर्गातल्या अळ्या यांना प्रत्येकी २. बेरजेला सापडलेल्या गटांच्या संख्येनं भागा.

समजा वरच्या जागी मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, खेकडा, चतुर, गोगलगाय आणि माशीच्या अळ्या सापडल्या: ११, ९, ६, ६, ४, २. बेरीज ३८, गट ६, सरासरी ६.३. खालच्या जागी टाचणी, गोगलगाय, गांडूळ, जळू आणि माशीच्या अळ्या: ४, ४, २, २, २. बेरीज १४, गट ५, सरासरी २.८. गटांची संख्या जवळपास सारखीच असताना गुण निम्म्याहून खाली आले. नाजूक मंडळी गेली आणि चिवट उरली.

हे गुण दक्षिण आफ्रिकेच्या नद्यांवर ठरवलेले आहेत, त्यामुळे दुसरीकडे त्यांवरून ‘उत्तम’ किंवा ‘वाईट’ असा शिक्का मारू नका, आपल्याच दोन जागा ताडून बघायला वापरा. स्टोनफ्लायला गार पाणी मानवतं. उष्ण, सखल भागातल्या निरोगी ओढ्यातही ते मुळात कमी असतात, तेव्हा ते न दिसल्यानं घाबरू नका. न सापडलेल्या गटांची नोंदही मात्र करा.

काम झालं की जीव जिथून आणले तिथेच, पाण्याजवळ वाकून सोडा. चतुराची पिल्लं आणि खेकडे वेगळ्या खणात ठेवा, नाहीतर ट्रेमधल्या बाकीच्यांना खाऊन टाकतात. उलटलेला प्रत्येक दगड होता तसा, त्याच बाजूनं परत ठेवा, वरची बाजू उन्हाची असते आणि खालची घराची. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी जाळी आणि बूट धुऊन कडक वाळवा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या सामानावरून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते.

मासे पकडायची गरज नाही. काठाच्या उथळ पाण्यात बारीक पिल्लांचे थवे आहेत का एवढं बघा. पिल्लं असतील तर मासे इथे वीण करतात.

सगळं एकत्र वाचताना

पाणी नितळ, ऑक्सिजन भरपूर, पीएच ठीक, आणि दगडांखाली एकही किडा नाही. असा ओढा सगळ्यात जास्त फसवतो. किडे नाहीत पण गोगलगाई आणि गांडुळं आहेत, असं असेल तर कीटकनाशकाचा संशय घ्या. फवारणीनंतरच्या पावसात ते काही तास वाहून जातं, बाटलीत सापडत नाही. पण हाच देखावा मोठ्या पुरानंतरही दिसतो, आणि ओढा मधे कोरडा पडून पुन्हा वाहू लागला असेल तरीही. म्हणून महिनाभरानं पुन्हा जा. पुरानंतर किडे वरच्या भागातून वाहत येऊन पुन्हा वस्ती करतात. विष येतच राहिलं तर करत नाहीत.

शेवाळ भरपूर, दुपारी ऑक्सिजन जास्त, पीएच चढलेला, गोगलगाई खूप: पाण्यात खत किंवा सांडपाण्यातलं पोषण उतरतंय आणि वर सावली नाही. रासायनिक आकडे ठीक, पण गोटे गाळात रुतलेले आणि खळाळातही गांडुळं: वरून माती येतेय, काठ बघा. करडे झुपके, लाल अळ्या, कमी ऑक्सिजन, चढलेली वाहकता असं एकत्र आलं तर सांडपाणीच, तिथे फार विचार करावा लागत नाही.

एका खेपेवरून कुणावर बोट ठेवू नका. वर्षातून निदान तीन वेळा, ऋतू बदलून, त्याच जागी जा. दोन वर्षांची वही हातात असली की ‘नेहमी असंच असतं’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

मेलेले मासे दिसले तर

अशा वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पाणी भरा. विष वाहून जात असतं. एक बाटली मासे मेलेत तिथे, एक त्याच्या वर जिथे मासे जिवंत आहेत तिथे, दोन्ही काठोकाठ भरलेल्या. ऑक्सिजन आणि तापमान तिथेच मोजा आणि वेळ मिनिटासकट लिहा. फोटोत माशाशेजारी मोजपट्टी ठेवा. कोणत्या जातीचे, किती मोठे, ताजे की सडलेले, फक्त मोठे मेलेत की पिल्लंही, तडफडणारे आहेत का, हे लिहा. ऑक्सिजन संपला असेल तर बऱ्याचदा मोठे मासे आधी मरतात आणि काही पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसतात. विष असेल तर लहान-मोठे एकदम, आणि दगडाखालचे किडेही मेलेले किंवा लुळे पडलेले सापडतात, म्हणून तेव्हाही दोन-चार दगड उलटून बघाच. हातमोज्याशिवाय माशांना शिवू नका आणि गुरांना त्या पाण्यावर जाऊ देऊ नका. मग प्रदूषण नियंत्रणाचं काम बघणाऱ्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवा, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत बाटल्या अंधारात, बर्फावर ठेवा.